ऑफिस घरी न्यायचं तर: साथीच्या काळासाठी मुंबईतल्या छोट्या-मध्यम कंपन्यांची तयारी

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं. २० मार्चला राज्य सरकारने मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूरमधली खासगी ऑफिसं बंद ठेवायला सांगितली. २२ च्या रात्री लोकल थांबली आणि २४ ला रात्री आठ वाजता देशभरचा लॉकडाऊन जाहीर झाला. सगळी तयारी करायला मिळालेला वेळ हा एवढाच, दोन आठवड्यांहून कमी. टीसीएससारख्या कंपनीने त्यानंतरच्या काही आठवड्यांत आपली बहुतेक माणसं घरून कामाला लावली, पण त्यांच्यामागे स्वतःची तंत्रज्ञांची फौज होती. मस्जिद बंदरच्या चाळीस माणसांच्या पेढीकडे, अंधेरी एमआयडीसीतल्या गाळ्यातल्या कंपनीकडे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसकडे काय होतं? टेबलाला जखडलेले डेस्कटॉप, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा एक सर्व्हर आणि कपाटाच्या किल्ल्या.

हा लेख अशा ऑफिसांसाठी आहे. मी फोर्टमधल्या एका कस्टम क्लिअरन्स आणि फ्रेट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे आयात-निर्यातीचा माल कस्टममधून सोडवून पुढे पाठवणाऱ्या, ऑफिसचं ॲडमिन आणि हिशेब सांभाळते. बंदर चालू होतं, माल उतरत होता, त्यामुळे आमचं काम एक दिवसही थांबवता येत नव्हतं. त्या काळात जे शिकले आणि पुढे कागदावर उतरवून ठेवलं, ते इथे क्रमाने देते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घरून काम सुरू करायचं म्हटलं की लोक आधी सॉफ्टवेअर शोधायला लागतात. सॉफ्टवेअर सापडतं. काम अडतं ते दोन ठिकाणी: ऑफिसच्या कपाटात राहिलेल्या वस्तूपाशी आणि माणसाच्या घरात नसलेल्या जागेपाशी. म्हणून सुरुवात तिथून करा.

पहिलं काम: उद्या दार उघडलं नाही तर काय अडेल?

एक वही घ्या आणि ऑफिसमधून टेबलाटेबलाने फिरा. प्रत्येकाला हा एकच प्रश्न विचारा. उत्तर ऐकताना घाई करू नका, कारण रोज हाताखालून जाणारी वस्तू माणसाला पटकन आठवत नाही. आमच्याकडे निघालेली यादी बहुतेक ऑफिसांना लागू पडेल: डिजिटल सहीचे टोकन, कंपनीचे चेकबुक, रबरी शिक्के आणि लेटरहेड, टॅलीचा डेटा, बँकेचे ओटीपी ज्या मोबाइलवर येतात तो साहेबांच्या ड्रॉवरमधला जुना फोन, ग्राहकांना तोंडपाठ असलेला एमटीएनएलचा लँडलाइन, कुरियरने येणारी मूळ कागदपत्रं, करारांच्या फायली आणि स्कॅनर.

आता प्रत्येक वस्तूपुढे तीनपैकी एक निर्णय लिहा: ती घरी जाईल, तिला पर्याय तयार होईल, किंवा तिच्यासाठी ठरावीक दिवशी कोणीतरी ऑफिसला येईल. चौथा पर्याय ठेवू नका. ‘बघू नंतर’ असं लिहिलेली वस्तूच पुढे घात करते.

डिजिटल सहीच्या टोकनबद्दल थोडं सविस्तर सांगते. कस्टमचे दाखले, कंपनी कायद्याखालचे फॉर्म, सगळ्यांचा जीव त्या छोट्या यूएसबीत असतो. त्या वेळी कंपन्यांच्या जीएसटीच्या विवरणपत्रांचाही होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे टोकन बंद ऑफिसांत अडकल्यामुळे इतक्या कंपन्या खोळंबल्या की, तेव्हा डिजिटल सही सक्तीची असलेल्या कंपन्यांनाही सरकारने जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र ओटीपीने पडताळून भरायची मुभा दिली. पण दर वेळी अशी मुभा मिळेलच असं नाही. साथीची चाहूल लागताच टोकन सही करणाऱ्याच्या घरी जायला हवं. ‘सही करणाऱ्याच्या’ हे मी जाणूनबुजून म्हणते. आपल्याकडे टोकन आणि पिन दोन्ही अकाउंटंटकडे देऊन ठेवायची पद्धत आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे ती सही तुमची असते, मग बटण कोणीही दाबो. अकाउंटंट विश्वासू असला तरी हा बोजा त्याच्यावर टाकू नका. सही लागेल तेव्हा स्क्रीन शेअर करून दोघांनी मिळून काम करता येतं. मुदत तपासा, संपत आली असेल तर आधीच नूतनीकरण करून घ्या.

बँकेचं काम तितकंच महत्त्वाचं. सह्यांचा अधिकार किमान दोघांकडे हवा आणि नेट बँकिंगमध्ये एकाने रक्कम भरायची व दुसऱ्याने मंजूर करायची अशी दोन पायऱ्यांची व्यवस्था हवी. हे दोघे एकाच इमारतीत, शक्यतो एकाच वॉर्डातही राहणारे नसावेत. मार्च २०२० च्या अखेरीस वरळी कोळीवाडा सील झाला, नंतर मुंबईभर इमारतीच्या इमारती सील होत गेल्या. तुमचे दोन्ही अधिकारी एकाच सोसायटीत असतील आणि दोघे एकदम आजारी पडले, तर पगाराच्या तारखेला काय कराल? ऑफिसच्या किल्ल्यांनाही हाच नियम लावा. एक संच पश्चिम रेल्वेवर राहणाऱ्याकडे, एक मध्य रेल्वेवरच्याकडे आणि जमल्यास तिसरा ऑफिसपासून चालत येता येईल अशा माणसाकडे. आमच्या शिपाईमामांचं घर डोंगरीत आहे. सगळ्यांत जास्त उपयोग त्यांच्याकडच्या किल्लीचा झाला.

लँडलाइन मोबाइलवर वळवून घ्या आणि वळवलेला फोन कोण, किती वाजेपर्यंत उचलणार ते ठरवा. ओटीपीचा फोन त्या-त्या अधिकाऱ्याच्या हाती द्या. मूळ कागदपत्रं पाठवणाऱ्यांना आधी स्कॅन पाठवायला सांगा आणि कुरियरसाठी एखाद्या कर्मचाऱ्याच्या घरचा पत्ता देण्याआधी त्याची परवानगी घ्या.

दुसरं काम: घर विचारा

हा टप्पा बहुतेक कंपन्या गाळतात. उद्यापासून घरून काम, असा मेल जातो आणि सगळ्यांची घरं सारखीच आहेत असं गृहीत धरलं जातं. मुंबईत तसं नाही. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसनातली कितीतरी घरं २२५ किंवा २६९ चौरस फुटांची. त्यात आई-वडील, दोन मुलं, घरून काम करणारे नवरा-बायको दोघेही, आणि मुलांची शाळा मोबाइलवर. तिथे ‘शांत जागी बसून मीटिंग घ्या’ ही सूचना पाळायची कशी?

चौकशी फोनवर करा, ऑनलाइन फॉर्म पाठवून नाही. फॉर्मवर लोक ‘सर्व सोय आहे’ असं लिहितात, कारण नोकरीची भीती असते. फोनही थेट साहेबांनी करू नये. ज्याच्याशी माणूस मोकळं बोलतो अशा सहकाऱ्याने करावा आणि सुरुवातीलाच सांगावं की या उत्तरांवरून कोणाचं काम किंवा पगार कमी होणार नाही. तसा निर्णय मालकांनी आधी खरोखर घेतलेला असला पाहिजे.

विचारायचं ते असं. दिवसातल्या कोणत्या तासांत घरात तुलनेने शांतता असते? टेबल-खुर्ची आहे की जमिनीवर बसून काम करावं लागेल? घरात एकाच वेळी किती जणांना फोन, लॅपटॉप आणि नेट लागतं? नेट केबलवाल्याचं आहे की मोबाइलचं, आणि मोबाइलचं असेल तर दिवसाला किती जीबी? वीज किती वेळा जाते? घरात वयस्कर, आजारी किंवा लहान मूल आहे का आणि त्यांचं कोण पाहतं? संसर्ग झाला तर वेगळं राहायला जागा आहे का?

घराचा फोटो मागू नका. व्हिडिओवर घर दाखवायला सांगू नका. माणसाची अब्रू त्या खोलीत असते, ती आपण नोकरीच्या बदल्यात उघडी करायला लावू नये.

उत्तरं आली की कामाच्या वेळा त्यांच्याप्रमाणे वळवा. आमच्या डॉक्युमेंटेशनमधल्या एका ताईंनी सकाळी सहा ते दहा आणि दुपारी दोन ते सहा अशी वेळ मागितली, कारण दहा ते दोन मुलाची शाळा त्यांच्याच फोनवर असायची. बिल ऑफ एन्ट्रीचे, म्हणजे आयात मालासाठी कस्टमला द्यायच्या कागदाचे, मसुदे सकाळी तयार असले की बाकी टीमला उलट सोयीचंच झालं. ज्यांचं काम ग्राहकाच्या फोनवर अवलंबून आहे त्यांना अशी सूट देता येत नाही. त्यांच्यासाठी आवाज गाळणारा हेडसेट आणि पाळीपाळीने फोन घेण्याची व्यवस्था करा. कॅमेरा चालू ठेवायची सक्ती काढून टाका. घरात पाच माणसं असताना भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाला चेहरा दाखवायला लावून कामाची एक ओळही वाढत नाही.

बायकांची दुहेरी पाळी वेगळी लक्षात घ्या. मोलकरणी येत नव्हत्या, डबेवाले बंद होते, घरातली सगळी माणसं दिवसभर घरात. ऑफिसला जाणाऱ्या बाईला लोकलमध्ये तरी स्वतःचा तास मिळायचा, तोही गेला. मीटिंग दुपारी साडेबारा ते दोनमध्ये ठेवायची नाही, एवढ्या एका नियमाने आमच्याकडच्या बायकांना किती हायसं वाटलं ते त्यांनी मला नंतर सांगितलं.

ज्यांच्या घरून काम होऊच शकत नाही अशी माणसं निघतील. त्यांना दोष देऊ नका, त्यांच्यासाठी जागा शोधा: जवळ राहणाऱ्या सहकाऱ्याची रिकामी खोली, किंवा निर्बंधांत बसत असेल तर ऑफिसमध्येच लांब-लांब मांडलेली दोन-तीन टेबलं.

कोणाला आधी हलवायचं

पहिले लॅपटॉप मॅनेजरांना आणि बाकीच्यांना उरतील ते, ही रीत मोडा. क्रम दोन गोष्टींवर ठरवा: प्रवासाचा धोका आणि कामाची निकड. कोविडपूर्व काळात मुंबईच्या लोकलने रोज सुमारे ७५ लाख प्रवास व्हायचे. विरार, बदलापूर, टिटवाळा, पनवेल इथून दीड-दोन तास उभ्याने येणारा आणि घरी सत्तरीचे आई-वडील असणारा कारकून, चर्चगेटला स्वतःच्या मोटारीने येणाऱ्या संचालकाच्या आधी घरी बसला पाहिजे. त्याच्या बरोबरीने पगार, बँक आणि ग्राहकांची बांधिलकी सांभाळणारे दोन-तीन जण.

एक विभाग निवडून, ऑफिस चालू असतानाच, दोन दिवस घरून काम करून पाहा. काय अडतं ते रोज संध्याकाळी लिहून घ्या. ऑफिसमध्ये कोणीतरी बसलेलं असताना अडचण सोडवणं सोपं असतं. कुलूप लागल्यावर तेच काम दहापट अवघड होतं.

मशीन, वीज आणि नेट

लॉकडाऊन लागल्यावर ई-कॉमर्सवरून अत्यावश्यक नसलेल्या वस्तू मिळणं बंद झालं आणि लॅपटॉप त्यातच मोडत होते. लॅमिंग्टन रोडची कॉम्प्युटरची दुकानंही बंद. म्हणून भाड्याने लॅपटॉप देणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याशी आधीच दर आणि संख्या ठरवून ठेवा. तेवढा खर्च जमत नसेल तर डेस्कटॉपच टेम्पोने घरोघरी पोहोचवा, आमच्याकडे अर्ध्यांचे तसेच गेले. प्रत्येक मशीनवर क्रमांकाचं लेबल, सोबत माल दिल्याचं चलन, घेणाऱ्याची सही आणि कोणत्या स्थितीत दिलं त्याची नोंद असू द्या. सोसायट्या त्या काळात बाहेरच्या माणसाला फाटकातून आत सोडत नव्हत्या, तेव्हा कंपनीच्या लेटरहेडवर सेक्रेटरींच्या नावे पत्र सोबत द्या. कंपनीने वापरायला दिलेल्या लॅपटॉपवर किंवा कॉम्प्युटरवर कर्मचाऱ्याला प्राप्तिकर लागत नाही, हे लोकांना आधीच सांगा. पगारातून काही कापलं जाईल या भीतीने काही जण मशीन घ्यायलाच तयार नसतात.

डेस्कटॉप घरी गेला की विजेचा प्रश्न येतो. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, तर भांडुप-मुलुंडपासून पुढे महावितरण. कल्याणपलीकडे आणि वसई-विरारला पावसाळ्यात वीज जाणं नवं नाही. मुंबईकरांना मात्र वाटतं की आपल्याकडे वीज जातच नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकदम अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि काही भागांत वीज यायला कितीतरी तास लागले. त्या दिवशी ऑनलाइन परीक्षा आणि बँकांची कामं दोन्ही अडकली. साधा ६०० व्हीएचा यूपीएस डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देतो, म्हणजे काम सेव्ह करून बंद करण्यापुरती. राउटरसाठी वेगळा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो नेट दोन-तीन तास चालू ठेवतो. लॅपटॉपवाल्यांना आधी हा दुसरा द्या.

नेटचा हिशेब करून पाहा. कॅमेरा लावून एक तास मीटिंग म्हणजे साधारण एक जीबी. बहुतेकांच्या मोबाइल पॅकमध्ये त्या वेळी दिवसाला दीड जीबी असायचा. म्हणजे सकाळची दीड तासाची मीटिंग झाली की माणूस दिवसभर मुका. शक्य तिथे केबलवाल्याची फायबर लाइन घ्यायला मदत करा आणि पर्याय म्हणून दुसऱ्या कंपनीचं मोबाइल सिम हॉटस्पॉटसाठी द्या. दोन्ही एकाच कंपनीचे असतील तर दोन्ही एकदमच बंद पडतात. रिचार्जचे पैसे बिल दाखवल्यावर महिनाअखेर देण्याऐवजी आगाऊ द्या. पंधरा हजार पगाराच्या माणसाला सहाशेचा रिचार्जही जड जातो.

सुरक्षा: चार नियम, पण कडक

टॅली किंवा ऑफिसचा सर्व्हर घरून उघडायचा तर व्हीपीएनमधूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी, सुरक्षित जोडणीतूनच. घाईत काही जण राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक चालवायची सोय) थेट इंटरनेटवर ठेवतात. असा संगणक हल्लेखोरांच्या स्कॅनिंगमध्ये फार लवकर सापडतो आणि मग सगळ्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते. तुमच्या आयटीवाल्याने तसं केलं असेल तर आजच बंद करायला लावा. मेल आणि व्हीपीएनला पासवर्डसोबत दुसरी पडताळणी असलीच पाहिजे.

बॅकअप तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक ऑफिसच्या बाहेर. आणि महिन्यातून एकदा त्यातली एक फाइल खरोखर परत उघडून पाहायची.

ऑफिसच्या मशीनवर मुलांची शाळा आणि खेळ नकोत. हे सांगताना ऐकणाऱ्याच्या घरात दुसरं मशीन नसतं, याची जाणीव ठेवा. जिथे पर्यायच नाही तिथे मशीनवर मुलांसाठी वेगळं, मर्यादित अधिकारांचं खातं उघडून द्या. बंदी घातली की लोक लपवून वापरतात.

चौथा नियम पैशांचा. बँक खातं बदललं आहे असा मेल आला तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. पीएम केअर्स फंड जाहीर होताच एका अक्षराच्या फरकाच्या खोट्या यूपीआय आयडी फिरायला लागल्या होत्या. घाबरलेला, एकटा बसलेला माणूस फसायला सोपा असतो. ऑफिसमध्ये तो शेजाऱ्याला ‘हे बघ रे जरा’ म्हणाला असता. म्हणून शंका विचारण्यासाठी एक नंबर द्या आणि विचारणाऱ्याला कधीही हसू नका. एवढं करूनही सायबर हल्ला झालाच तर २०२२ पासूनच्या नियमांनुसार सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवावं लागतं, म्हणून कोण कळवणार त्याचं नाव आधीच लिहून ठेवा.

व्हिडिओ मीटिंगला पासवर्ड, प्रतीक्षाकक्ष आणि दर वेळी नवी लिंक, एवढं पुरे. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने झूमबद्दल काढलेल्या सूचनापत्रात याच सेटिंग सांगितल्या होत्या.

रोजचं काम

सकाळी पंधरा मिनिटं सगळ्यांचा फोन: आज काय, काय अडलंय, कोणाची मदत हवी. बाकी सगळं लिहून. तोंडी सांगितलेली गोष्ट ऑफिसमध्ये चालते, कारण ऐकणारे दहा कान असतात. घरून काम करताना ती हरवते. आम्ही प्रत्येक शिपमेंटची एक सामायिक शीट ठेवली: कुठपर्यंत आलं, पुढचं पाऊल कोणाचं. त्यामुळे ‘झालं का?’ असे विचारणारे निम्मे फोन बंद झाले.

तास मोजा, ते ओलांडू नयेत म्हणून. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात त्या वेळी दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, वरच्या तासांना दुप्पट दर. घरून काम करतोय म्हणून कायदा सुटत नाही. रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर कामाचा मेसेज टाकायचा नाही, हा नियम मालकांनाही लागू ठेवा. मालकाने एकदा मोडला की तो सगळ्यांसाठी संपला.

स्क्रीनचे फोटो काढणारं, माउस हलतोय का पाहणारं सॉफ्टवेअर विकायला बरेच जण आले. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. दिवसाअखेर काय पूर्ण झालं ते शीटवर दिसतं. त्यापलीकडची पाळत माणसाचा विश्वास तोडते, आणि संकटात कंपनी टिकते ती त्याच विश्वासावर.

जे काम घरी जात नाही

शिपाई, ड्रायव्हर, वॉचमन, न्हावा शेवा बंदरात कंटेनरसोबत उभा राहणारा डॉक क्लार्क. कंपनी घरून चालते म्हणजे ही माणसं बाहेर असतात. त्यांच्याबद्दलचा निर्णय पहिल्याच दिवशी घ्या, उरलंसुरलं म्हणून शेवटी नको.

ज्यांचं काम थांबलं त्यांचा पगार चालू ठेवा. २९ मार्च २०२० च्या केंद्राच्या आदेशात पूर्ण वेतन देण्यास सांगितलं होतं. तो पुढे मागे घेतला गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं. पण कायद्याची सक्ती असो वा नसो, शिपायाचा पगार हा कंपनीच्या खर्चातला फार छोटा आकडा असतो आणि त्याच्या घरातला एकुलता एक. गरज पडली तर वरच्या पगारांत आधी कपात करा. शिपाईमामांना ग्राहकांचे वळवलेले फोन घेणं शिकवलं. ते ग्राहकांना आवाजाने ओळखायचे.

ज्यांना जावंच लागतं त्यांच्यासाठी ओळखपत्र, कंपनीचं पत्र, चालू असलेले पास आणि जाण्यायेण्याचं वाहन यांची जबाबदारी कंपनीची. लोकल १५ जून २०२० ला सुरू झाली तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. यादीत आपलं काम बसतं का, हे ज्या-त्या वेळच्या शासन आदेशात वाचून ठरवा, ऐकीव माहितीवर माणूस स्टेशनवर पाठवू नका. पाळ्या अशा लावा की दोन गट एकमेकांना भेटणारच नाहीत, म्हणजे एक गट विलगीकरणात गेला तरी दुसरा उभा राहतो. त्यांचा आरोग्य विमा आणि जोखीम भत्ता आधी करा, मग बाकीच्यांच्या खुर्च्यांचं बघा.

कोणी आजारी पडलं तर

एप्रिल-मे २०२१ मध्ये हे आठवड्याला नव्हे, रोज होत होतं. प्रत्येक माणसाचा एक जोडीदार ठरलेला हवा, ज्याला त्याचं काम, फायलींची जागा आणि चालू प्रकरणं माहीत आहेत. आजारी माणसाला ‘जरा लॉगिन करून सांगता का’ असा फोन जाता कामा नये. जोडीदार असण्याचा हेतू तोच.

एका व्यक्तीकडे मदतीचं काम सोपवा: महापालिकेचा १९१६ नंबर, त्या-त्या वॉर्डच्या वॉर रूमचा (साथीसाठीच्या नियंत्रण कक्षाचा) नंबर, विमा कंपनीच्या वतीने दावे पाहणारा टीपीए, आणि कर्मचाऱ्याच्या घरातल्या दुसऱ्या एका माणसाचा फोन. मुंबईत खाट मिळायची ती वॉर्ड वॉर रूममधून, म्हणून कर्मचारी कोणत्या वॉर्डात राहतो हे यादीत लिहिलेलं हवं. आजाऱ्याचं नाव ग्रुपवर टाकू नका. ज्यांचा संपर्क आला त्यांनाच आणि त्याच्या परवानगीने सांगा. उपचारासाठी आगाऊ रक्कम देण्याचा अधिकार या व्यक्तीला रात्रीही वापरता आला पाहिजे. सकाळी मालकांची सही घेऊ, असं म्हणायला त्या रात्री वेळ नसतो.

कागदपत्रं, थोडक्यात

घरून कामाचं एक पानी पत्र प्रत्येकाला द्या: वेळा, मशीन कोणाचं, खर्च कोण देणार, माहितीची गोपनीयता आणि ही व्यवस्था कधीपर्यंत. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेची व्याख्या ऑफिसच्या भिंतींपुरती नाही. अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचे फोन नंबर पुन्हा सगळ्यांना पाठवा, कारण रात्री-अपरात्रीचे व्हिडिओ कॉल आणि मेसेज याच काळात वाढतात. संचालक मंडळाच्या बैठका व्हिडिओवर घेता येतात. कॉल सेंटर असेल तर दूरसंचार विभागाचे नियम तपासा. २०२० मध्ये ते शिथिल झाले आणि नंतर बरेच सोपे केले गेले.

परत येताना

परतीचा क्रम जाण्याच्या उलटा ठेवा. ज्यांच्या घरून काम सर्वांत अवघड आहे त्यांना आधी बोलवा, त्यांची इच्छा असेल तर. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस होऊन १४ दिवस झालेल्यांना लोकलचा पास मिळू लागला, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी सगळ्यांना एकदम बोलावलं. आम्ही आधी घरांच्या चौकशीची वही पुन्हा उघडली आणि प्रत्येकाला परत फोन केला. परिस्थिती बदललेली होती: कोणाचं माणूस गेलं होतं, कोणी गावी राहायला गेलं होतं, कोणाला घरूनच बरं पडत होतं. ज्यांचं काम घरून चांगलं चाललं होतं त्यांना आठवड्याचे काही दिवस तसेच राहू दिले.

दिलेल्या मशीन परत घेताना लेबल आणि चलन जुळवा, पण छोट्या ओरखड्यांसाठी पैसे कापू नका. सोडून गेलेल्यांचे व्हीपीएन, मेल आणि बँकेतले अधिकार त्याच दिवशी बंद करा. वळवलेला लँडलाइन परत फिरवायला लोक हमखास विसरतात.

ही सगळी यादी वर्षातून एकदा, मेअखेरीस, पावसाआधी तपासा. टोकनच्या मुदती, किल्ल्या कोणाकडे आहेत, फोन नंबर, वॉर्ड, यूपीएसच्या बॅटऱ्या, बॅकअप. आणि मग जूनमधला एक कामाचा दिवस ठरवून ऑफिसचं कुलूप उघडूच नका. त्या दिवशी काय अडलं ते लिहा आणि तेवढंच दुरुस्त करा. मुंबईत त्यासाठी साथच यायला हवी असं नाही, जुलैमध्ये रुळांवर पाणी साचलं तरी हीच यादी लागते.